मराठी बालविज्ञानपुस्तके : परिभाषेची पायरी

वसई तालुक्यातील नंदाखाल परिसरात सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली कादोडी, तर मराठी शाळेची भाषा प्रमाण मराठी. अशा घरातील मुलाच्या हाती विज्ञानाचे पुस्तक येते तेव्हा त्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली बोलीकडून प्रमाणभाषेची, दुसरी प्रमाणभाषेकडून संस्कृतनिष्ठ परिभाषेची. मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या मराठी विज्ञानपुस्तकांचा इतिहास पाहताना या दुसऱ्या पायरीचा विचार टाळता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात संवादरूप विज्ञानपुस्तकांची चाल होती. जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवाद १८०६ साली निघाले; पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे ते वाचूनच रसायनाकडे ओढला गेला. त्याच धाटणीचे हरि केशवजी पाठारे यांचे ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ १८३३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. संवादाचा घाट विद्यार्थ्याला जवळचा, पण पुस्तकाचे नावच त्याच्या दमाची परीक्षा पाहणारे! अर्थात यासाठी भाषांतरकाराला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या कल्पनांना मराठीत शब्दच नव्हते त्यांच्यासाठी संस्कृत हेच हाताशी असलेले भांडार होते. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दिग्दर्शन’ मासिकालाही (१८४०) हीच वाट चोखाळावी लागली.

पुढे १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. गो. रा. परांजपे यांच्यासारखे पदार्थवैज्ञानिक त्याच्या संस्थापकांत होते आणि परिभाषा रुळवण्याचे चिकाटीचे काम या मासिकाने केले. मुलांच्या वाचनात मात्र खरा बदल घडला तो गोष्टीमुळे. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’ वाचणारे मूल आपण विज्ञान शिकत आहोत या जाणिवेने वाचत नव्हते. तोफेतून निघालेल्या गोळ्याचे पुढे काय होते, एवढीच त्याला उत्सुकता होती.

या दृष्टीने जयंत नारळीकरांच्या पहिल्या विज्ञानकथेचे उदाहरण बोलके आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कृष्णविवर हा शब्द संस्कृतच, पण कथेच्या ओघात आलेला असल्याने तो वाचकाला अडवत नाही. यावरून अडचण संस्कृत शब्दाची असण्यापेक्षा अनुभवाआधी येणाऱ्या शब्दाची आहे, असे म्हणावे लागते. अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांनी हेच दुसऱ्या अंगाने दाखवले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्रिकोण, चौकोन व घन उभे राहतात. वस्तू आधी हातात येते, नाव मागाहून.

नंदाखालच्या मुलाजवळ अशी वस्तू आहे. वसईच्या बागायतीत पावसाचे पाणी साठवणारी बावखले आहेत. साठलेले पाणी जमिनीत मुरते आणि विहिरींचे पाणी गोडे राखण्यास साहाय्य करते. समुद्रालगतच्या भागात गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते, हा भूजलशास्त्राचा नियम तेथील बागाईतदाराला पुस्तकाविना ठाऊक आहे. पाणी आणि हिरवाई यांसाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचेच. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि त्यानंतरच्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले. बावखलापासून आरंभ करून ‘भूजल पुनर्भरण’ या शब्दापर्यंत मुलाला नेणारे पुस्तक या दोघांच्या वाटांच्या संगमावर लिहिता येईल.

तथापि वेळ थोडा आहे. सेमी-इंग्रजी वर्गांत मराठी माध्यमाची मुले विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकतात. जवळपास दोन शतके खपून घडवलेली परिभाषा त्यांच्या पाठ्यपुस्तकातून गळते, आणि कादोडी बोलणाऱ्या मुलापुढे तिसरी पायरी उभी राहते.