आउटबोर्ड मोटारीची उंची : सपाट तळाच्या लहान होड्यांवरील

होडीच्या पिछाडीला बाहेरून टांगलेल्या मोटारीचा पंखा होडीच्या तळाच्या तुलनेत किती खोल राहावा, हे ठरविणारी उभी जुळणी म्हणजे मोटारीची उंची होय. ज्या आडव्या जाड फळीवर मोटार बसते तिला ट्रान्सम म्हणतात. या फळीच्या माथ्यापासून तळापर्यंतचे अंतर आणि मोटारीच्या दांड्याची लांबी यांचा मेळ बसला, तरच पुढच्या बारीक जुळणीला अर्थ राहतो. दांड्याची लांबी ढोबळ मानाने १५ इंच (३८१ मिमी.), २० इंच (५०८ मिमी.) आणि २५ इंच (६३५ मिमी.) अशा टप्प्यांत येते. सपाट तळाच्या बुटक्या होड्यांना बहुधा पहिली, क्वचित दुसरी लांबी लागते. बुटक्या ट्रान्समवर लांब दांड्याची मोटार बसविली, तर फळीवर लाकडी ठोकळा चढवून तिची उंची वाढवावी लागते. उंच ट्रान्समवर आखूड दांड्याची मोटार मात्र कोणत्याही जुळणीने सुधारत नाही.

संदर्भपातळी : पंख्याच्या लगेच वर, गिअर-पेटीवर एक आडवा सपाट पत्रा असतो. पाण्याच्या पृष्ठभागावरील हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये, हे त्याचे काम असल्याने त्याला येथे हवारोधक पत्रा म्हटले आहे. उंचीची सर्व मोजमापे या पत्र्यापासून घेतात. होडीच्या तळालगत, ट्रान्समच्या मध्यभागी, एक सरळ पट्टी मागे धरली असता पत्रा त्या पट्टीच्या रेषेत किंवा तिच्यापेक्षा सुमारे एक इंच वर येणे, ही सपाट तळाच्या होडीसाठी सर्वसाधारण सुरुवातीची जागा मानली जाते. हे मोजताना मोटार उभी, म्हणजे पत्रा तळाला समांतर असला पाहिजे, कारण मोटार कललेली असेल तर पत्र्याची मागची कड वर किंवा खाली जाऊन मोजमाप फसवे ठरते.

हवा आणि पोकळी : उंची चुकल्याने होणारा मुख्य दोष पंख्यात हवा शिरण्याचा आहे. पंखा पृष्ठभागाच्या फार जवळ आला की वरची हवा पात्यांवर ओढली जाते, पाण्याची पकड सुटते, इंजिनाचे फेरे एकदम वाढतात आणि होडीचा वेग मात्र वाढत नाही किंवा घटतो. याच्याशी नेहमी गल्लत होणारी दुसरी घटना म्हणजे पोकळी, अर्थात पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरणे की तेथील पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनावेत; हे बुडबुडे फुटताना धातू खरवडतात आणि पात्यावर खड्डे पडतात. पोकळीचे कारण बहुतेक वेळा पात्याची ठोकरलेली कड किंवा अयोग्य आकाराचा पंखा हे असते आणि मोटार वरखाली केल्याने ती क्वचितच थांबते. सपाट तळाच्या होडीत पहिला दोष अधिक आढळतो, कारण तिच्या तळाला पाणी कापणारी धार नसल्याने नाळेखाली दबलेली हवा फेसाच्या रूपाने तळाला चिकटून थेट मागे पंख्यापर्यंत येते; तळाच्या मध्यावर मोटारीपर्यंत आलेली उभी पट्टी किंवा खिळ्यांची रांग असल्यास तीही असा फेस उठवते. असे असेल तर मोटार खाली घेण्यापूर्वी ती पट्टी ट्रान्समच्या अलीकडे सुमारे एक-दोन हात तासून संपविणे हा अधिक योग्य उपाय होय.

मोटार गरजेपेक्षा खोल असल्याचे दोष कमी नाट्यमय, पण रोजचे आहेत : गिअर-पेटीचा मोठा भाग पाण्यात ओढला जाऊन इंधन जास्त जळते, दांड्यावर पाणी चढून पिछाडीत उडते, सुकाण जड होते आणि उथळ पाण्यात पंख्याखालचा पर गाळात रुततो. सपाट तळाची होडी उथळ पाण्यासाठीच पसंत केली जात असल्याने हा शेवटचा तोटा तिचा मूळ गुणच काढून घेतो.

थंडाव्याचे पाणी : उंचीची वरची मर्यादा वेग ठरवीत नाही, ती इंजिन थंड ठेवणारे पाणी ठरविते. पाणी आत घेणाऱ्या जाळ्या पत्र्याच्या खाली, गिअर-पेटीच्या बाजूंना असतात. पंख्याला पकड असतानाही जाळीचा वरचा भाग हवेत आला, तर रबरी पात्यांच्या पंपात हवा शिरते आणि इंजिन तापू लागते. बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार हा पहिला इशारा असला तरी ती पंप चालू असल्याचे सांगते, दाब पुरेसा असल्याचे नाही. म्हणून उंच बसविलेल्या मोटारीवर पाण्याच्या दाबाच्या काट्याचा खर्च टाळू नये.

जुळणीची रीत : लहान मोटारी दोन शिकंज्यांनी फळीला पकडलेल्या असतात आणि त्यांची उंची ठोकळा किंवा लाकडी पट्ट्या घालून बदलतात. मोठ्या मोटारींच्या कंसाला एकाखाली एक छिद्रे असतात व त्यांतील अंतर बहुधा पाऊण इंचाचे असते. नेहमीचे वजन, म्हणजे माणसे, इंधन, जाळी वा सामान होडीत ठेवून, पत्रा तळाच्या रेषेत असताना सरळ पाण्यात पूर्ण वेगाचे फेरे टिपून घ्यावेत. मग एकेक छिद्र वर घेऊन तीच चाचणी करावी. वळणावर पकड सुटू लागली की एक छिद्र खाली यावे. पूर्ण वेगाचे फेरे निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच असले पाहिजेत. त्यापेक्षा जास्त आल्यास पंखा बदलावा, उंची नव्हे. रिकाम्या होडीवर घेतलेली चाचणी निरुपयोगी समजावी, कारण दोन माणसे मागे बसली तरी पिछाडी दबून पत्र्याची पातळी बदलते. फळीतील जुनी छिद्रे जलरोधक भरणाने बंद न केल्यास पाणी प्लायवूडमध्ये मुरते आणि फळी आतून कुजते; वापरात असलेल्या जुन्या होड्यांत हा दोष बाहेरून दिसत नाही.

मोटार ट्रान्समपासून काही अंतर मागे नेणारा व वरखाली सरकणारा कंस बसविला, तर तळाखालून निघालेले पाणी मागे थोडे उसळलेल्या जागी पंखा येतो आणि मोटार अधिक वर ठेवता येते. दर आठ ते बारा इंच मागे सरकविल्यास एक इंच उंची मिळते, असा अनुभवाधारित ठोकताळा रूढ आहे. तळात बोगद्यासारखी खोबण असलेल्या होड्यांत ही उंची आणखी वाढते, मात्र त्यांच्यासाठी कप घेतलेल्या कडेचा पंखा जवळपास आवश्यक ठरतो.

भोपाळ : या शहरात मोटारीच्या उंचीच्या प्रश्नाचे महत्त्व मुख्यतः मोठ्या तलावाशी, म्हणजे भोजतालाशी, निगडित राहिले. परमार राजा भोजाच्या काळात, अकराव्या शतकात, कोलांस नदीचे पाणी अडवून झालेल्या या तलावाची पूर्ण भरलेली पातळी १,६६६.८० फूट मानतात. पावसाळ्यानंतरच्या आणि उन्हाळ्याअखेरच्या पातळीत मोठा फरक पडत असल्याने, हिवाळ्यात योग्य वाटलेली उंची जूनमध्ये काठाजवळ गाळात रुतणारी ठरते. तलावातील हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पती व शिंगाड्याचे वेल पंख्यात गुंततात आणि थंडाव्याच्या जाळ्या बुजवितात. अशा पाण्यात मोटार उंच करण्यापेक्षा वेळोवेळी थांबून ती उलटी फिरविणे व जाळी हाताने साफ करणे अधिक उपयोगी पडते. भोज पाणथळ क्षेत्र २००२ साली रामसर यादीत गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ येथील मध्य क्षेत्र पीठाने या क्षेत्रात क्रूझ व मोटारबोटी चालविण्यास मनाई करणारा आदेश दिला. 

बचावाच्या बोटी : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर व नौदल यांच्या बोटी वस्त्यांतून फिरल्या. पाण्याखाली कुंपणे, वाहने आणि तारा असलेल्या अशा प्रवाहात खोल पंखा धोक्याचा ठरतो, तर उंच पंखा भरलेल्या बोटीला वळणावर दगा देतो. बचावकार्यात वेग दुय्यम असून पकड व विश्वासार्हता प्राथमिक आहे. त्यामुळे चाचणीत सर्वोत्तम ठरलेल्या जागेपेक्षा एक छिद्र खाली मोटार बसविणे, तिची वर उचलण्याची कळ मोकळी ठेवणे आणि पंख्याभोवती संरक्षक कडे लावणे योग्य होय.

इतिहास : अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये व्यापारी यश मिळविलेली आउटबोर्ड मोटार विकण्यास आरंभ केला; यामाहा कंपनीची पहिली आउटबोर्ड मोटार १९६० सालची आहे.

विजेवरील मोटारी : यांचा दांडा कड्यातून सरकतो व उंची कळ सैल करून बदलते.