तगाईची विहीर

आमच्या माणदेशातल्या घरामागे एक विहीर आहे. आजी तिला शेवटपर्यंत 'तगाईची विहीर' म्हणत असे. लहानपणी मला वाटे, यमाई, जोगाई, तशी ही तगाईही एखादी देवीच असावी. पुढे मास्तर झालो, जुनी पुस्तके चाळण्याचा नाद लागला, तेव्हा उमगले, की ही देवी फार जुनी आहे आणि तिचा कौल मिळणे मोठे कठीण.

तगाई म्हणजे बी, बैल, विहीर यांसाठी सरकारने शेतकऱ्याला दिलेले कर्ज. मूळ शब्द 'तकावी'. तो अरबीतून फारशीमार्गे आला आणि 'कुवत' हा आपला शब्द त्याचाच भाऊबंद. मोगलाईत तगाई होती, पेशवाईतही होती. पाऊस रुसला, कुळे गाव सोडू लागली, की ती द्यायची, कारण कुळे टिकली तरच वसूल टिकायचा. दयेइतकाच त्यात हिशेब होता.

इंग्रजांनी या जुन्या चालीला कायद्याचा अंगरखा चढवला. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात दख्खन होरपळली. मग रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, त्याचा अहवाल १८८० साली आला. पाठोपाठ १८८३ साली जमीनसुधारणेच्या कर्जाचा आणि १८८४ साली शेतकऱ्यांच्या कर्जाचा असे दोन कायदे झाले. पहिल्यातून विहिरी नि बांध, दुसऱ्यातून बी नि बैल. कागद चोख! पण तारण हवे, जामीन हवा. ज्याच्यापाशी जमीन थोडी बरी, त्याचे काम होई. उरलेला सावकाराच्या ओट्यावर.

गंमत पाहा, त्याच १८८३ साली जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. सरकारने आपले जादा शिपाई आणि पोलीस कामाला लावून जागोजागी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही, असे त्यांचे सांगणे. आज पाणलोट म्हणून जे आपण शिकतो, ते या माणसाने शिपायाच्या हाती कुदळ देऊन मांडले होते!

आजोबांची विहीर एकोणीसशे साठनंतरची. तगाई हप्त्याहप्त्याने मिळे. आधी खणा, मग पाहणी, मग पुढला हप्ता. कातळ लागला त्याच वेळी हप्ता कचेरीत अडकला. सुरुंगाला पैसा नाही, म्हणून काम तिथेच थांबले. पाणी लागले नाही, परतफेड मात्र लागली.

आणि मग १९७२ साल उजाडले. त्या दुष्काळाचे वर्णन मी काय करू? प्रत्येक घरात सांगणारे कोणी तरी होतेच. मायलो ज्वारीची तांबडी भाकरी, सुकडी आणि खडी फोडून फुटलेले हात. मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. सांगली जिल्ह्याचे वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती, यांची रोजगार हमीची कल्पना याच आगीत तावून निघाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसायकर बसला. मला या योजनेचे मोठेपण एकाच गोष्टीत दिसते. तिने सातबारा मागितला नाही, जामीन मागितला नाही. दोन हात पुढे कर, म्हणाली.

आजीने ते केले. दोन वर्षे पाझर तलावावर पाट्या वाहिल्या. तलाव झाला, पाणी मुरले आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटला. आमची विहीर वरच्या अंगाला! ज्यांच्या विहिरी भरल्या त्यांच्या घरचे कोणी पाटी वाहायला आल्याचे आजीला आठवत नसे. हे ती तक्रारीने नव्हे, हसत सांगे. पण सांगायची राहत नसे.

आता ऋतूंचेच वेळापत्रक बिघडले. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो, मग तीन आठवडे आभाळ कोरडे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात उभ्या पिकावर गारा पडल्या. सरकारनेही कूस बदलली. १९९० साली रोजगार हमीला फळबागा जोडल्या गेल्या. २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, त्यालाच खेड्यात 'पोकरा' म्हणतात. शेततळी, ठिबक, रुंद सरी-वरंबा. हा वरंबा मोठा गुणी बरे का! ओढ पडली तर ओल धरतो आणि अतिवृष्टी झाली तर सरीतून पाणी काढून देतो.

माझी शाळा जालना जिल्ह्यात. एका विद्यार्थ्याचे वडील, तीन एकरांचे धनी, शेततळ्याच्या अस्तराचा अर्ज घेऊन आले. मी वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले.

"गुरुजी, आधी आपण पैसे घालायचे, मग अनुदान खात्यात येणार, असंच ना?"

"असंच."

"मग आधीचे कुठून आणू?"

मला आजोबांचा कातळ आठवला. दीडशे वर्षांत तगाईचे कर्ज जाऊन अनुदान आले. फेडायचे राहिले नाही, हे काही थोडे नव्हे. पण दाराशी उभा राहणारा प्रश्न तोच आहे.

त्यांनी बायकोची एकदाणी सोनाराकडे ठेवली. अस्तर आले, तळे भरले आणि सोयाबीन ओढीतून निभावले. अनुदानही आले, जरा उशिरा. परवा त्यांची बायको मुलाचा डबा घेऊन शाळेत आली, तेव्हा गळ्यात एकदाणी होती.

"सोडवली म्हणायची!" मी म्हणालो.

"सोडवली की," ती म्हणाली, "दोन मणी व्याजात गेले."