ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस

मुलांसाठी रचलेला सचित्र ज्ञानग्रंथ. तो १६५८ मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांत प्रसिद्ध झाला. शीर्षकाचा अर्थ ‘इंद्रियगोचर सृष्टीचे चित्ररूप दर्शन’ असा आहे. कर्ता मोरेव्हियातील धर्मोपदेशक व शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेन्स्की ऊर्फ कोमेनिअस (२८ मार्च १५९२–१५ नोव्हेंबर १६७०). निसर्ग, मानव, व्यवसाय, भूगोल, समाज, नीती व धर्म या सर्वांची ओळख चित्रांतून करून देणारा हा ग्रंथ मुलांचा पहिला सचित्र ज्ञानकोश म्हणून ओळखला जातो. घरी वाचल्या जाणाऱ्या सचित्र संदर्भग्रंथांच्या परंपरेचा आरंभ साधारणतः त्याच्यापासून मानतात.

पार्श्वभूमी : कोमेनिअस ‘युनिटी ऑफ द ब्रेदरन’ या प्रॉटेस्टंट पंथाचा होता. १६२० मधील व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमियातील प्रॉटेस्टंटांचा पराभव झाला आणि त्यांचा छळ सुरू झाला. १६२८ मध्ये कोमेनिअसला देश सोडावा लागला व तो पोलंडमधील लेश्नो येथे राहू लागला. तेथे त्याने लिहिलेले यानुआ लिंग्वारुम रेसेराता (१६३१) हे लॅटिनचे पाठ्यपुस्तक युरोपभर गाजले. त्या काळी लॅटिन शिकवताना मुलांकडून शब्द व नियम घोकून घेत. शब्द ज्या वस्तूचा, ती वस्तू मात्र त्यांच्यासमोर नसे. यानुआमध्ये कोमेनिअसने शब्दांची मांडणी विषयवार केली, पण त्यात चित्रे नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याने ऑर्बिसची रचना केली. बुद्धीत जे येते ते आधी इंद्रियांतून आलेले असते, हे जुने तत्त्व त्याने प्रस्तावनेत आधारभूत धरले आहे.

१६५० ते १६५४ या काळात कोमेनिअस हंगेरीतील शारोश्पाटक येथील शाळेची पुनर्रचना करत होता. ग्रंथाची सिद्धता तेथेच झाली. तथापि तेथे चित्रे कोरणारा योग्य कारागीर नसल्यामुळे हस्तलिखित न्यूरेंबर्गला पाठवावे लागले. मिखाएल एंडटर या प्रकाशकाने ते छापले. काष्ठठशांची चित्रे पाउल क्रॉइट्सबेर्गर याची असल्याचे मानले जाते. पुस्तक छापून होण्यापूर्वी, १६५६ मध्ये, लेश्नो युद्धात जळाले आणि कोमेनिअसची अनेक हस्तलिखिते नष्ट झाली. पुढचे आयुष्य त्याने ॲम्स्टरडॅममध्ये काढले.

रचना : ग्रंथाच्या आरंभी गुरू व बालक यांचा संवाद आहे. त्यानंतर ‘सजीव वर्णमाला’ येते. तिच्यात प्रत्येक अक्षराचा उच्चार प्राण्याच्या वा निसर्गाच्या आवाजाशी जोडला आहे : ‘ए’साठी कावळा, ‘बी’साठी बेंबें करणारे कोकरू, ‘एफ’साठी वाहता वारा, ‘आर’साठी गुरगुरणारा कुत्रा. मुख्य भागात दीडशे पाठ आहेत. त्यांचा क्रम परमेश्वर व विश्व यांपासून सुरू होतो. पुढे अग्नी, वायू, जल, भूमी, धातू, वनस्पती, पशुपक्षी व मानवी देह येतात. शेती, भाकरी भाजणे, विणकाम, सुतारकाम, खाणकाम, छपाई, पुस्तकबांधणी अशा व्यवसायांना विस्तृत जागा दिली आहे. नंतर भूमिती, ग्रहतारे, पृथ्वीचे गोलार्ध, युरोप, सद्गुण, नगर, न्याय, खेळ, युद्ध व धर्म असे विषय येऊन अखेरच्या न्यायदिनाशी मांडणी पूर्ण होते. राजदरबाराइतक्याच काळजीने लोहाराची भट्टी व कुंभाराचे चाक दाखवणारा हा ग्रंथ श्रमाला ज्ञानाच्या मांडणीत मानाचे स्थान देतो.

चित्र व मजकूर : ग्रंथाचे खरे सामर्थ्य त्याच्या क्रमांकपद्धतीत आहे. प्रत्येक पाठाच्या माथ्यावर चित्र असून त्यातील वस्तूंवर आकडे घातले आहेत. खालच्या मजकुरात त्या वस्तूच्या नावापुढे तोच आकडा येतो. शिंप्याच्या पाठात शिंपी, कापड, कात्री, सुईदोरा व इस्त्री यांचे आकडे धरत गेल्यास कपडा कसा तयार होतो तेही क्रमाने कळते. याचा अर्थ असा, की वस्तू सुट्या न दाखवता त्या ज्या कामात वापरल्या जातात त्या कामासह दाखवल्या आहेत. लॅटिन व मातृभाषेतील मजकूर शेजारी-शेजारी असल्याने मातृभाषा वाचू लागलेल्या मुलालाही पुस्तक उघडते. जे डोळ्यांना दिसत नाही तेही दाखवण्याचा प्रयत्न येथे आहे : आत्म्याच्या पाठात मानवी आकृती केवळ ठिपक्यांनी काढलेली आहे.

घरगुती वापर : शाळेत घालण्यापूर्वीच हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे, त्यांना चित्रांत मनसोक्त रमू द्यावे आणि हे काय, याला काय म्हणतात, असे विचारत राहावे, असे प्रस्तावनेत सांगितले आहे. मुलांना ती चित्रे पाहून स्वतः काढू द्यावीत, त्यामुळे लक्ष देऊन पाहण्याची सवय लागते, असेही कोमेनिअस सुचवतो. चित्राच्या मर्यादा त्याला ठाऊक होत्या. रंग व चव शाईने दाखवता येत नाहीत, म्हणून शक्य तेथे प्रत्यक्ष वस्तू दाखवाव्यात आणि घरी सहज न मिळणाऱ्या वस्तूंचा संग्रह शाळांनी ठेवावा, असे त्याचे मत होते.

मर्यादा : कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धांत १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला होता, तरी या ग्रंथात पृथ्वी मध्यभागी स्थिर असून आकाश तिच्याभोवती फिरते. खऱ्या प्राण्यांच्या रांगेत एकशिंगी घोडा, पंखधारी ड्रॅगन व नजरेने मारणारा बॅसिलिस्क हेही आहेत. इतर धर्मांचे वर्णन ख्रिस्ती दृष्टीतून केलेले आहे व त्यात तत्कालीन युरोपचे पूर्वग्रह उतरले आहेत.

प्रसार व प्रभाव : चार्ल्स हूल या शिक्षकाने केलेली इंग्रजी आवृत्ती १६५९ मध्ये लंडनमध्ये निघाली. १६६६ मध्ये लॅटिन, जर्मन, इटालियन व फ्रेंच अशी चतुर्भाषी, तर १६८५ मध्ये लेवोचा येथे हंगेरियन व चेक भाषांसह आवृत्ती प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमध्ये १८१० मध्ये तो छापला गेला. आपल्या बालपणी मुलांसाठी या प्रकारचे दुसरे पुस्तक नव्हते, असे गटेने आत्मचरित्रात नोंदवले आहे. बाझेडोचे एलेमेंटारवेर्क (१७७४), बेर्टुखचे बारा खंडांचे मुलांचे चित्रपुस्तक (१७९०–१८३०), आर्थर मी याने १९०८ पासून पाक्षिक भागांत काढलेला चिल्ड्रन्स एनसायक्लोपीडिया आणि डॉर्लिंग किंडरस्ली यांची १९८८ पासूनची आयविटनेस मालिका हे याच परंपरेतील पुढचे टप्पे होत. युनेस्कोने १९९२ मध्ये कोमेनिअसच्या नावे शिक्षणविषयक पदक सुरू केले.

मूल्यमापन : ऑर्बिसमधील खगोलशास्त्र व प्राणिशास्त्र मागे पडले, परंतु वस्तू दाखवणे, तिला आकडा देणे आणि त्याच आकड्याने तिचे नाव व उपयोग सांगणे ही शिस्त टिकली. शिक्षक जवळ नसतानाही मुलाला चित्रावरून मजकुराकडे व मजकुरावरून चित्राकडे स्वतःहून जाता येते, हे या ग्रंथाने सिद्ध केले. ज्ञान हे सर्व मुलांच्या, मुलगे व मुली दोघांच्याही, वाट्याला यावे या कोमेनिअसच्या आयुष्यभराच्या आग्रहाला त्याने दिलेले हे सर्वांत व्यवहार्य रूप होय.