सेकंदाला तीस अक्षरे

डायल-अप बुलेटिन बोर्ड म्हणजे कुणाच्या तरी घरातला एक संगणक, त्याला जोडलेला मोडेम आणि एक टेलिफोन नंबर. आपल्या मोडेमवरून त्या नंबरला फोन लावायचा, आधी आलेल्यांनी लिहिलेले वाचायचे, आपले चार शब्द लिहायचे आणि फोन ठेवायचा. सुरुवातीच्या मोडेमचा वेग 300 बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरे. 80 अक्षरांच्या 24 ओळींचा पडदा भरायला 64 सेकंद लागत. पडदाभर लांबीचे शंभर संदेश ओळीने वाचायचे म्हटले तर पावणेदोन तास गेले, आणि लाइन एकच असेल तर तेवढा वेळ बाकी सगळ्यांना फोन एंगेज. म्हणून बोर्ड बांधणाऱ्यांपुढचा खरा पेच संदेश साठवण्याचा नव्हता. नको ते न वाचता हवे ते हाती कसे लागेल, हा होता.

या पेचाचे एक उत्तर डायल-अप बोर्डांच्याही आधी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सापडते. ऑगस्ट 1973 मध्ये लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स या दुकानात, जिन्याच्या वरच्या टोकाला, ‘कम्युनिटी मेमरी’ या संगणकी सूचनाफलकाचे टर्मिनल बसवले गेले. शेजारीच वादकांसाठीचा कागदी सूचनाफलक होता. टर्मिनल म्हणजे खडखडणारे टेलिटाईप यंत्र. आवाज दबावा म्हणून ते फोम लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले होते, आणि हात घालून टाईप करता यावे म्हणून खोक्याला भोके पाडली होती. टेलिफोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एसडीएस 940 या मोठ्या संगणकाशी जोडले होते. वेग सेकंदाला फक्त दहा अक्षरे.

मुख्य आज्ञा दोनच होत्या : मजकूर घालायला ‘अ‍ॅड’ आणि शोधायला ‘फाइंड’. मजकूर घालणाऱ्यानेच त्याला सूचक शब्द जोडायचे, आणि शोधणाऱ्याने ते शब्द हुडकायचे. दोन शब्द ‘अँड’ने जोडले की शोध आणखी नेमका होई. विषयांची यादी हा फलक उभारणाऱ्या ली फेल्सेनस्टाइन, एफ्रेम लिपकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी आखून दिली नव्हती, आणि त्यांचा सर्वांत मोलाचा निर्णय हाच म्हणावा लागेल. घरे, गाड्या, वाद्ये यांच्या जाहिराती येतील अशी अपेक्षा होती. त्या आल्याच, पण कविता आल्या, चित्रेही आली. चांगले बेगल कुठे मिळतात, असे एकाने विचारले. कुणी दुकाने सुचवली. आणखी एकाने नंबर दिला आणि कळवले की तिथे फोन केल्यास एक माजी बेकर बेगल करायला शिकवील. ‘बेनवे’ असे नाव घेऊन कुणी सातत्याने लिहू लागला, तेव्हा ते नावच शोधण्याचा शब्द बनले.

मोकळ्या शब्दांची किंमतही मोजावी लागे. लिहिणाऱ्याने ‘गाडी’ म्हटले आणि शोधणाऱ्याने ‘मोटार’, तर दोघांची गाठ पडत नाही. शब्द कसा लिहिला जातो यावरही तेच. कोणत्याही सूचीकाराला ओळखीची असलेली ही अडचण इथे रस्त्यावरच्या माणसाच्याही वाट्याला आली. हा प्रयोग 1975 च्या सुरुवातीला थांबला.

शिकागोत वॉर्ड क्रिस्टेनसन आणि रँडी स्यूस यांनी वेगळी वाट धरली. जानेवारी 1978 मधल्या हिमवादळात माणसे घरात अडकली असताना त्यांच्या संगणक-हौशी मंडळाच्या सूचनाफलकाचे यांत्रिक रूप करण्याचे काम सुरू झाले, आणि 16 फेब्रुवारी 1978 रोजी ‘सीबीबीएस’ लोकांसाठी खुले झाले. यंत्र एस-100 जातीचे, कार्यक्रम 8080 प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेतला, साठवण फ्लॉपीवर. फोन वाजला की यंत्र कार्यक्रम चढवून घेई आणि उत्तर देई. नोव्हेंबर 1978 च्या ‘बाइट’ मासिकात दोघांनी त्याची माहिती छापली, आणि तोच नमुना ठिकठिकाणी उचलला गेला.

या नमुन्यात सूचक शब्द नाहीत. प्रत्येक संदेशाला क्रमांक, तारीख, कुणाकडून, कुणाला आणि विषय एवढे ठरीव रकाने. आधी फक्त या रकान्यांचा सारांश मागवायचा, कामाचे क्रमांक कागदावर टिपायचे आणि मग ‘आर’ दाबून तेवढेच संदेश ओढायचे. ‘आर’ म्हणजे रिट्रीव्ह. मजकूर वेगाने वर सरकू लागला तर कंट्रोल-एस दाबून थोपवता येई. पडद्याऐवजी टेलिटाईप वापरणाऱ्यांची सोय वेगळी होती: छपाईचे डोके ओळीच्या सुरुवातीला परत येईतो वेळ मिळावा म्हणून किती रिकामी चिन्हे पाठवायची, हे बोर्डच त्यांना विचारी. मागल्या खेपेचा शेवटचा क्रमांक ध्यानात ठेवला की पुढल्या खेपेला त्यानंतरचेच पाहायचे. नोंदणीकृत सभासदांचा हा आकडा पुढे बोर्डच लक्षात ठेवू लागले. ‘नवे तेवढेच दाखव’ या आजच्या साध्या सोयीचे हे आधीचे रूप.

त्यामुळे विषयाच्या एका ओळीवर फार भार पडला. ‘मदत हवी’ असा मथळा असलेला संदेश सारांशात निरुपयोगी ठरे. ‘आठ इंची ड्राइव्ह विकणे आहे’ असे लिहिले तर गिऱ्हाईक नेमके तिथे पोचे. ही ओळ चोख लिहिण्याची कला बोर्डांवर घडली, आणि ती दुसऱ्याचा वेळ आणि पैसा वाचवणारी होती. अमेरिकेत स्थानिक फोन बहुधा ठरीव दरात पडे, पण लांबच्या फोनला मिनिटाप्रमाणे आकार असे.

टॉम जेनिंग्ज यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या फिडोनेटमुळे बोर्ड एकमेकांना रात्री फोन करून टपाल देऊ-घेऊ लागले. प्रत्येक संदेश स्वतंत्र फाइल, आणि तिच्या आरंभी 190 बाइटचे शीर्ष. त्यात पाठवणारा आणि घेणारा यांना 36-36 बाइट, विषयाला 72. एका विषयावरची उत्तरे शोधणे सोपे जावे म्हणून सारख्या विषयाचे संदेश एकमेकांना जोडणारा कार्यक्रम चालवला जाई. कुणी मथळ्यात शब्द बदलला की साखळी तुटे. जेफ रश यांच्या एकोमेलने 1986 पासून तीच चर्चा अनेक बोर्डांवर उमटू लागली आणि संदेशांची संख्या इतकी वाढली की फोनवर बसून शोधणे अवघड झाले.

तेव्हा शोधच घरी आणला गेला. टेनेसीतल्या मार्क हेरिंग यांनी 1987 मध्ये ‘क्यूडब्ल्यूके’ ही रचना तयार केली. बोर्डाने नवे संदेश एका आवळलेल्या गठ्ठ्यात बांधायचे, सभासदाने तो उतरवून घ्यायचा, फोन ठेवायचा आणि निवांत वाचायचे. उत्तरांचा गठ्ठा पुढल्या फोनला परत. आत 128 बाइटचे ठोकळे, आणि संदेश कुठल्या ठोकळ्यापासून सुरू होतो हे सांगणाऱ्या अनुक्रमणिका. विषयाला मात्र 25 अक्षरेच जागा. ओळ संपली हे सांगायला नेहमीची दोन चिन्हे न वापरता एकच चिन्ह होते, ‘पाय’चे, त्यामुळे दर ओळीमागे एक बाइट वाचे. घरच्या संगणकावर मिनिटांचा हिशेब नव्हता. म्हणून गठ्ठे वाचणारे कार्यक्रम मथळ्याबरोबर पूर्ण मजकुरातही शब्द शोधू देऊ लागले.

जागेअभावी बोर्डचालक जुने संदेश पुसत राहिले, आणि यंत्र बंद पडले की उरलेलेही जात. वाचले ते बरेचसे वापरणाऱ्यांनी आपल्या डिस्कवर उतरवून ठेवले म्हणून. जेसन स्कॉट यांनी 1998 मध्ये सुरू केलेल्या ‘टेक्स्टफाइल्स’ या संग्रहात अशा हजारो फाइली एकत्र आल्या. कम्युनिटी मेमरीची कागदपत्रे कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात आहेत.