गुंजण मावळ

गुंजण मावळ : पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील गुंजवणी नदीच्या खोऱ्याचे जुने प्रशासकीय नाव, इतिहासप्रसिद्ध बारा मावळांपैकी एक. राजगड किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, त्याच्या उत्तर पायथ्याचे गुंजवणे हे गाव आणि त्याच्या परिसरातली नदीकाठची गावे या प्रदेशाचा गाभा होत. आज या नावाचा तालुका नाही, मंडळ नाही, की नकाशावर रेघ नाही. जुना मुलूख राजगड (पूर्वीचे नाव वेल्हे) आणि भोर या दोन तालुक्यांत वाटला गेला आहे. नदी आणि तिच्या उगमाकडचे गाव या दोघांनी मात्र ते नाव सांभाळून ठेवले आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आज ‘मावळ’ म्हटले की बहुतेकांना वडगाव, लोणावळा, पवना धरण आठवते. तो मावळ तालुका वेगळा. सतराव्या शतकाच्या कागदांत मावळ हा शब्द सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एकेका नदीच्या खोऱ्याला लावलेला असतो. सूर्य मावळतो ती बाजू, म्हणून मावळ, अशी या शब्दाची उपपत्ती सहसा सांगितली जाते. बारा मावळांच्या याद्या जागोजाग थोड्या बदलतात. पण रोहिडखोरे, वेळवंडखोरे, हिरडस मावळ, कानंदखोरे, मुठेखोरे, मोसेखोरे आणि गुंजण मावळ ही नावे त्यांत सहसा चुकत नाहीत. ‘खोरे’ आणि ‘मावळ’ हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालत. म्हणजे इथले शासन पाण्याच्या वाटेने आखलेले होते. ज्या डोंगराच्या धारेवरून पाऊस दोन बाजूंना वाहून जातो, ती धार हीच हद्द. अशी हद्द मोजणीदाराला आखावी लागत नाही, आणि ती कुणाला पुसताही येत नाही.

राजगडावर उभे राहिले की ही आखणी डोळ्यांनी दिसते. पद्मावती माचीच्या खाली, उत्तरेला, गुंजवणीचे खोरे. पाठीमागे, दक्षिणेला, भुतोंड्याकडचा उतार. तिथले पाणी वेळवंडीला, म्हणजे १९२८ साली पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाच्या जलाशयाला मिळते. पश्चिमेला, संजीवनी माचीच्या टोकासमोर, तोरणा. त्याच्या उत्तर अंगाने कानंदी वाहते आणि तिच्या खोऱ्यात वेल्हे आहे. या साऱ्या नद्यांचे पाणी शेवटी नीरेला मिळते, आणि नीरा नरसिंगपूरला भीमेत जाते. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेला पाऊस दोन मावळांतून फिरून पुन्हा एकाच नदीत येतो.

खोऱ्यातल्या गावांची नावे हाच या प्रदेशाचा जुन्यात जुना दस्तऐवज मानावा लागतो. गुंजवणे, करंजावणे, अंबवणे ही नावे सलग उच्चारून पाहावीत. शेवटच्या ‘वणे’मध्ये ‘वन’ हा शब्द असावा असे मानायला पुरेशी जागा आहे. आंब्याचे वन, करंजाचे वन, आणि त्याच ओघात गुंजेचे. दुसरा थर फारसी आहे. वेल्हे बुद्रुक आणि वेल्हे खुर्द, वाजेघर बुद्रुक आणि वाजेघर खुर्द, पाल खुर्द : बुद्रुक हे ‘बुजुर्ग’चे रूप, म्हणजे थोरले, आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. एका नावाच्या दोन वस्त्यांची वेगवेगळी खाती सरकारी दप्तरात ठेवायची वेळ आली, तेव्हाचे हे शब्द. सुलतानी गेली, तिचे दप्तर गेले, तिच्या भाषेतली ही दोन विशेषणे मात्र आजही एसटीच्या पाटीवर आहेत.

पुण्याहून येणारा माणूस सातारा रस्त्याने येऊन नसरापूरच्या फाट्याला वळतो. नसरापूर हे भोर तालुक्यातले बाजाराचे गाव. शिवगंगेकाठचे बनेश्वराचे देऊळ तिथलेच. पुढे अंबवणे, मग मार्गासनी. मार्गासनीपाशी वाट फुटते : एक वेल्ह्याकडे, दुसरी साखर गावावरून गुंजवण्याकडे. खडकवासल्याकडून पाबे घाट उतरून विंझरला येणारी वाटही इथेच मिळते. जसजसे गुंजवण्याकडे जावे तसतशी खाचरे लहान होत जातात, बांध उंच होतात, आणि रस्त्याला लागून असलेली नदी ओढ्याएवढी होते. पावसाळ्याचे चार महिने मात्र याच ओढ्याच्या आवाजात माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येत नाही.

शेती मुख्यतः भाताची, आणि उतारावर नाचणी-वरईची. भाताआधी राब भाजावा लागतो, आणि कोशनोंदीत सहसा न येणारी ही रीत इथे सविस्तर सांगणे अगत्याचे वाटते, कारण या खोऱ्याचे वर्ष तिथून सुरू होते. रोपे करण्यासाठी निवडलेल्या तुकड्यावर आधी शेणाचा थर देतात. त्यावर झाडांचा तोडलेला टहाळ, वर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर चाळल्यासारखी बारीक माती पसरतात. वारा पडल्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूने, तो पेटवतात. म्हणजे आग धावत सुटत नाही, मातीखाली धुमसत राहते. तणाचे बी जळते, जमीन भाजून भुसभुशीत होते, आणि पहिल्या पावसाआधी टाकलेले भात एकसारखे उगवते. उन्हाळ्याच्या अखेरीस गडावरून खाली पाहिले तर खाचरांच्या पट्ट्यांत हे राबाचे काळे चौकोन उठून दिसतात. लावणीच्या दिवसांत घरटी माणसे गोळा करून एकमेकांची शेते उरकायची पद्धत आहे. तिला इर्जिक म्हणतात. मजुरीचा हिशेब नसतो, जेवणाचा असतो.

अशा मुलखावर राज्य कुणाचेही असो, कारभार देशमुखांचा असे. गुंजण मावळाची देशमुखी शिळिमकरांकडे होती. हैबतराव हा त्यांचा किताब. शेजारी हिरडस मावळात बांदल, कानंदखोऱ्यात मरळ, मोसेखोऱ्यात पासलकर, रोहिडखोऱ्यात जेधे आणि खोपडे. गावाचा वसूल पाटील-कुलकर्ण्यांनी जमवायचा, खोऱ्याचा देशमुखाने वर पोचवायचा, आणि त्याबद्दल वतनाचे हक्क घ्यायचे. निजामशाही बुडाल्यावर, १६३६ नंतर, हा प्रदेश आदिलशाहीत आणि शहाजीराजांच्या पुणे जहागिरीच्या लगत आला. दिल्ली किंवा विजापूर यांच्यापेक्षा देशमुखाचा वाडा जवळचा होता, आणि डोंगरात जवळचा माणूसच सरकार असतो.

१६४५ नंतरच्या काही वर्षांत शिवाजीराजांनी तोरणा घेतला आणि समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगराला तटबंदी घालून राजगड केला. गुंजण मावळाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना. सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी या खोऱ्याच्या माथ्यावर होती. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाईंचे निधन इथे झाले. आग्र्याहून सुटलेले महाराज १६६६ च्या सप्टेंबरात इथेच परतले. २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराजांचा जन्म इथला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, उरलेल्या बारांत राजगड आणि तोरणा होते. या घटनांच्या यादीकडे खोऱ्याच्या बाजूने पाहिले की तिचा वेगळा अर्थ कळतो : एवढा सगळा फौजफाटा, दप्तरखाना, पागा आणि मुदपाकखाना वर चालायचा, तर दाणा, गवत, लाकूडफाटा आणि माणूसबळ खालून यायला हवे. इतिहासाच्या पुस्तकांत गडाची पाने पुष्कळ आहेत, पायथ्याची फार थोडी. ही उणीव भरून निघायला हवी असे या नोंदीच्या लेखकाचे ठाम मत आहे.

देशमुखांची कसोटी १६५९ साली लागली. अफजलखान स्वारीवर निघाला तेव्हा विजापूर दरबाराने मावळच्या देशमुखांना आपल्याकडे वळवण्याची फर्माने धाडली; कान्होजी जेध्यांना आलेले १६ जूनचे फर्मान प्रसिद्ध आहे. कान्होजी ते घेऊन राजगडी गेले आणि वतनावर पाणी सोडून महाराजांच्या पायाशी राहिले. त्याच रोहिडखोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाला मिळाले. एका खोऱ्यात दोन घरे, दोन वाटा. मावळे म्हणजे पहिल्यापासून एकदिलाने उभी राहिलेली फौज, असे चित्र रंगवले जाते. खरे तर घराघरांत वतनाची ओढ आणि नव्या राज्याची ओढ यांची रस्सीखेच होती, आणि ती जिंकली गेली म्हणूनच तिचे मोल मोठे.

नव्या राज्याने देशमुख ठेवले, पण त्यांचा आणि रयतेचा संबंध बदलला. सभासदाच्या बखरीत जमीन मोजणीचे माप दिले आहे : पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. पीक पाहून सरकारचा वाटा ठरवायचा, देशमुखाच्या मनावर सोडायचा नाही. गुंजवण्यासारख्या गावात, जिथे खाचर कधी अंगणाएवढे तर कधी ओसरीएवढे असते, तिथे काठी घेऊन बांधाबांधावरून फिरणे किती किचकट झाले असेल याची कल्पना शेतावर उभे राहिल्यावरच येते.

महाराजांनी राजधानी रायगडाला नेल्यावर राजगडचा दिमाख ओसरला, महत्त्व ओसरले नाही. फेब्रुवारी १७०४ मध्ये खुद्द औरंगजेबाने तो घेतला आणि त्याचे नाव नबीशहागड ठेवले. पाठोपाठ तोरणाही घेतला. मे १७०७ मध्ये राजगड मराठ्यांनी परत मिळवला. त्यानंतर हा सारा मुलूख पंतसचिवांकडे राहिला. राजाराम महाराजांनी सचिवपद दिलेले शंकराजी नारायण हे या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांच्या वंशजांच्या जहागिरीचे पुढे भोर संस्थान झाले.

संस्थानाच्या कारभारात जुन्या खोऱ्यांची नावे मागे पडली आणि किल्ल्यांची पुढे आली. भोर संस्थानाचे तालुके विचित्रगड (म्हणजे रोहिडा), राजगड, प्रचंडगड (म्हणजे तोरणा), सुधागड आणि पवनमावळ असे होते. नदीच्या नावाचा मुलूख आता डोंगराच्या नावाने ओळखला जाऊ लागला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. घाटावरचा भाग पुणे जिल्ह्यात आला. मग किल्ल्यांची नावेही गेली आणि कचेरीच्या गावावरून वेल्हे हे नाव आले, आधी महाल म्हणून, नंतर तालुका म्हणून. १९५० च्या दशकात परगणे आणि कुलकर्णी वतने नष्ट करणारे कायदे झाले, आणि देशमुखीचा कायदेशीर आधारही संपला. गुंजण मावळ हे नाव तेव्हापासून केवळ दप्तरांत, घराण्यांच्या कैफियतींत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरले.

अशी मावळती युरोपातही पाहायला मिळते. डेन्मार्कमध्ये चर्चच्या हद्दीवर आखलेल्या ग्रामीण नगरपालिका शेकड्यांनी होत्या. १९७० च्या फेररचनेत हजाराहून अधिक संस्थांच्या सुमारे पावणेतीनशे झाल्या, आणि २००७ मध्ये त्यांच्याही ९८. किनाऱ्यावरची कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची गावे दूरच्या कचेरीखाली गेली. पण तिथे जन्म-मृत्यूच्या नोंदी चर्चच्या जुन्या हद्दीनेच ठेवलेल्या असल्यामुळे वंशावळ शोधणाऱ्याला ती नावे आजही पाठ असावी लागतात. आपल्याकडे ते काम वतनाच्या कागदांनी केले. शिळिमकर, मरळ, बांदल यांच्या वंशजांना आपले ‘खोरे’ कोणते ते आजही ठाऊक असते. तालुका कोणता हे मागाहून सांगतात.

१३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याला मंजुरी दिली. वर्तमानपत्रांनी त्याला नामांतर म्हटले. संस्थानी काळाची आठवण ठेवली तर हे जुन्याच नावाचे पुनरागमन आहे. पूर्वीच्या राजगड आणि प्रचंडगड या दोन तालुक्यांपैकी एकाचे नाव आता एकत्रित मुलखाला मिळाले आहे. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले; राजगड त्यांत आहे.

२०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५४,५१६ होती, जिल्ह्यात सर्वांत कमी, आणि त्यात एकही शहर नव्हते. पुणे शहर इतके जवळ असूनही, किंवा जवळ असल्यामुळेच, तरुण माणसे तिकडे जातात आणि लावणीला व गणपतीला गावी येतात. वेल्ह्याजवळ धानेपला कानंदीवर गुंजवणी धरण बांधले आहे. साठा सुमारे ३.६९ टीएमसी; पाणी बंद नळातून खाली भोर आणि कोरड्या पुरंदर तालुक्याकडे न्यायची योजना. नदी कानंदी आणि धरणाचे नाव गुंजवणी, यामुळे नवख्या माणसाची दिशाभूल होते. खाचरे आणि घरे पाण्याखाली गेलेल्यांसाठी या धरणाचा हिशेब टीएमसीत बसत नाही.

गुंजवण्याहून गडावर जाणारी आजची रुळलेली वाट चोरदरवाजाने पद्मावती माचीवर निघते. शेवटच्या टप्प्यात कातळाला बसवलेले लोखंडी गज धरून चढावे लागते. गावाच्या नावाचा मूळ दरवाजा, गुंजवणे दरवाजा, त्याच बाजूला आहे : एकामागे एक तीन द्वारे, आणि त्यांच्याकडे येणारी वाट मोडून गेलेली, त्यामुळे तिकडे फार कुणी फिरकत नाही. पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट रुंद आहे, सोपी आहे, आणि ती वाजेघर-पालकडे उतरते. गावातल्या जाणत्या माणसाला विचारले तर तो आधी पावसाकडे बघतो, मग वाट सांगतो.