मोहाखालचा जाळ

ही एका ठरावीक दिवसाची नोंद नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या सागवनात मार्च-एप्रिल लागला, की वणवा साधारण याच वेळापत्रकानं येतो.

आदला दिवस, संध्याकाळी ६ : मोह फुलायला लागलाय. फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात पडली की सापडत नाहीत. म्हणून झाडाखाली काडी लावायची, दहा-पंधरा पावलांचं अंगण काळं करून घ्यायचं. घरातलं मीठमिरची या फुलांवर चालतं. त्या हाताला जंगलाचा वैरी म्हणणं मला जमत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ मात्र राखीव वनात जाळ लावणाऱ्याला गुन्हेगारच धरतं.

रात्री ९ : जाळ विझला. शेजारच्या कुजक्या ओंडक्यात इंगळ धुमसतोय.

पहाटे ५ : टोपल्या भरतात. राखेवर पिवळसर फुलं लांबूनही दिसतात.

सकाळी ११ : वारा सुटला. सागाचं ताटाएवढं पान आता पायाखाली पापडासारखं मोडतं. ओंडक्यातली एक ठिणगी उडाली.

दुपारी १ : जाळ चढाला लागला. सपाटीवर माणूस त्याच्यापुढं चालत सुटू शकतो. चढावर मात्र ज्वाळा वरचा पाचोळा आधीच भाजून ठेवतात. दर दहा अंश चढामागं वेग जवळपास दुप्पट.

दीड : आगी टिपणारा सुओमी एनपीपी उपग्रह साधारण याच सुमाराला वरून जातो. त्याच्या लेखी जमिनीचा एक ठिपका ३७५ मीटरचा. भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो, रेंज असली तर. तोवर उन्हं कललेली.

  

संध्याकाळी ५ : वनरक्षकांच्या पाठीवर ब्लोअर, हातात हिरव्या फांद्या. फेब्रुवारीत झाडून ठेवलेली जाळरेषा सागाच्या पानगळीनं पुन्हा भरली आहे. आता समोरून उलटा जाळ लावायचा.

दुसरी सकाळ : साग उभाच. साल जाड, आणि त्याच्या टणक बियांना आचेनं उलट रुजायला मदतच होते. गेली ती वीतभर उंचीची धावड्याची, आवळ्याची, मोहाचीही रोपं. म्हाताऱ्या मोहाखाली फुलं पडलीत. पाचोळा कुठंच आड येत नाही.