क्लोनिंग : पिंपरी-पुणे परिसरातील इतिहास

एकाच पूर्वज कोशिकेपासून (पेशीपासून) किंवा जीवापासून लैंगिक संयोगाशिवाय निर्माण झालेल्या, आनुवंशिक दृष्ट्या एकसारख्या संततीस क्लोन म्हणतात. अशी संतती बुद्ध्या निर्माण करण्याचे तंत्र म्हणजे क्लोनिंग होय. ‘डहाळी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०३ मध्ये ही संज्ञा वनस्पतींसाठी योजिली. उसाची कांडी लावणारा, केळीचे मुनवे काढणारा किंवा हापूसचे कलम बांधणारा महाराष्ट्रीय शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या क्लोनिंगच करीत आला आहे.

पिंपरीत या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावर औद्योगिक उपयोग प्रतिजैव औषधांच्या निर्मितीत झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने १९५४ मध्ये येथे हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन केली व १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलियम क्रायसोजीनम या कवकाचे बीजुक अलैंगिक रीत्या तयार होते. त्यामुळे निवडलेल्या एका बीजुकापासून वाढविलेले सर्व कवकजाल म्हणजे एक क्लोनच असतो. १९४३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथे एका खरबुजावर मिळालेल्या वाणावर पुढे क्ष-किरण व जंबुपार किरण यांची क्रिया करून उत्परिवर्तित वाण मिळविण्यात आले आणि पेनिसिलिनाचे उत्पादन अनेक पटींनी वाढले. तथापि असा वाण वारंवार संवर्धित केल्यास त्याची उत्पादनक्षमता घटते. म्हणून मूळ वाण शुष्क वा गोठविलेल्या अवस्थेत जपणे आणि एकेका बीजुकाच्या वाढीतून पुनःपुन्हा निवड करणे, ही या उद्योगातील अत्यावश्यक कामे ठरतात.

याच कारखान्याच्या संशोधन विभागात मं. ज. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी भारतीय मृदेतील सूक्ष्मजीवांचा शोध घेतला. स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना या जातीपासून हॅमायसीन हे कवकनाशक प्रतिजैव मिळाले. त्याच जातीपासून पिंप्रिनीन हे संयुग १९६० मध्ये वर्णिले गेले. अशा रीतीने पिंपरीचे नाव शास्त्रीय नामावलीत नोंदले गेले. ऑरिओफंजीन हे दुसरे प्रतिजैव पिकांवरील कवकजन्य रोगांसाठी उपयोगी पडले. पुढे १९९७ मध्ये कंपनी आजारी उद्योग म्हणून घोषित झाली. स्वस्त आयातीमुळे देशातील पेनिसिलीन-जीचे उत्पादनही जवळजवळ थांबले. ते २०२४ मध्ये काकीनाडा येथे पुन्हा सुरू झाले. वाण आयात करता येतो, पण तो जपण्याचे व वाढविण्याचे कसब खंडित झाल्यास ते पुन्हा उभे करण्यास दीर्घ काळ लागतो, हे यावरून दिसते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे महत्त्वाचे कार्य झाले. व्ही. जगन्नाथन, ए. एफ. मस्करेन्हास व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये सुमारे शंभर वर्षे वयाच्या सागाच्या वृक्षांपासून काचपात्रात रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. वृक्षाची गुणवत्ता त्याच्या प्रौढपणीच कळत असल्याने या यशास विशेष महत्त्व आहे. १९९० मध्ये तेथेच बांबूच्या रोपांना काचपात्रात फुले आणण्यात यश आले. दशकानुदशके न फुलणाऱ्या बांबूचा संकर यामुळे शक्य कोटीत आला. आज मावळ तालुक्यातील हरितगृहांतील जरबेरा आणि जळगावची ग्रँड नैन केळी ही ऊतकसंवर्धित रोपांपासूनच वाढविली जातात.

प्राण्यांत क्लोनिंग कठीण असते. स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली ही मेंढी केंद्रक-प्रतिरोपणाच्या २७७ प्रयत्नांतून जन्मलेली एकमेव होती. कर्नाल येथे फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचे क्लोन केलेले पहिले रेडकू जन्मले, परंतु ते काही दिवसांतच दगावले. जनुकांचे क्लोनिंग मात्र १९७३ पासून विकसित होत गेले आणि १९८२ मध्ये जंतूंकडून तयार करविलेले मानवी इन्शुलीन औषध म्हणून उपलब्ध झाले.

नैतिक प्रश्न दोन प्रकारचे आहेत. पहिला मनुष्याविषयीचा. वारंवारचे अपयश, विकृत संतती आणि जन्मास येणाऱ्या व्यक्तीवर दुसऱ्याची प्रतिमा लादली जाणे, या कारणांमुळे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रजननात्मक मानवी क्लोनिंग निषिद्ध मानले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या जाहीरनाम्यात मानवी क्लोनिंगचे सर्व प्रकार वर्ज्य ठरविण्याचे आवाहन होते. भारताने त्याविरुद्ध मत दिले, कारण त्यामुळे उपचारार्थ संशोधनही अडले असते. दुसरा प्रश्न शेतीविषयीचा. एकरूप पिकावर आलेला रोग साऱ्या पिकाचा नाश करतो. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगाने ग्रो मिशेल या केळीचा व्यापार संपविला. उत्तम झाडाच्या लक्षावधी प्रती काढता येतात, पण नवे उत्तम झाड वैविध्यातूनच निपजते. म्हणून क्लोनिंगचा लाभ टिकविण्यासाठी देशी वाण, रानातील जाती आणि मृदेतील सूक्ष्मजीव यांचे जतन आवश्यक ठरते. वनस्पतिवाण व शेतकरी हक्क संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क मान्य केला आहे, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे.